पांडवांची लेणी आणि मुगुदासाचे लेणे
(बालशिक्षण, चित्रकला आणि वारशाचा प्रश्न)

१

लहान मुलांना राष्ट्राचा इतिहास आणि सांस्कृतिक वारसा चित्र-शिल्पांच्या द्वारे शिकवावा, ही सूचना आपल्याकडे वारंवार केली जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही कला इतर विषयांशी जोडून शिकवण्याचा पुरस्कार केला आहे. या सूचनेला माझा विरोध नाही. ज्या मुलाच्या घरात पुस्तक नाही, ज्याच्या आईबापांची अक्षराशी ओळख झालेली नाही, त्याच्या हातात शब्दाआधी रंग यावा आणि त्याने इतिहास डोळ्यांनी वाचावा, यासारखी चांगली गोष्ट नाही. परंतु ही सूचना करणारी मंडळी दोन गोष्टी गृहीत धरून चालतात. एक अशी, की वारसा नावाची वस्तू तयार आहे, ती फक्त मुलांच्या हवाली करायची बाकी आहे. दुसरी अशी, की चित्र निष्पाप असते. या दोन्ही गृहीतांची तपासणी केल्याखेरीज 'कलेतून इतिहास' ही कल्पना आमच्या मुलांच्या दृष्टीने जुन्या ओझ्याला नवा रंग देण्यासारखीच ठरेल.

चित्र निष्पाप नसते. शब्दाशी भांडता येते. सात-आठ वर्षांचे मूल धड्यातल्या वाक्याला 'असं कसं?' असे विचारू शकते. चित्राला ते असे विचारत नाही, कारण चित्र त्याला पुरावाच वाटतो. राम कसा दिसतो, सरस्वती कशी बसते, लक्ष्मीच्या अंगावर कोणते लुगडे असते, हे आपल्याला कोणी शिकवले? राजा रविवर्म्यांचा शिळाछापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या स्वस्त रंगीत चित्रांनी देवादिकांचे चेहरे, त्यांचे दागिने, त्यांचा गोरा रंग घरोघरी पोचवला. सव्वाशे वर्षांचे हे चेहरे आज सनातन वाटतात. ज्यांना देवळाच्या पायरीवर उभे राहण्याची मुभा नव्हती, त्यांच्या कुडाच्या भिंतीवरही ही चित्रे लागली. देव घरात आला, माणूस मात्र देवळात जाऊ शकला नाही. चित्राची ताकद एवढी असते, आणि त्या ताकदीने प्रश्न कसा झाकला जातो हेही यातून कळते.

म्हणून मुलांना चित्रातून इतिहास शिकवायचा की नाही, असा वाद घालण्यात मला रस नाही. तो शिकवला जातोच आहे. कॅलेंडर शिकवते, शाळेची भिंत शिकवते, सहल शिकवते, स्नेहसंमेलनाचा पडदा शिकवतो. मला विचारायचे आहे ते असे: मुलाला चित्रापुढे हात जोडायला शिकवायचे, की चित्र वाचायला शिकवायचे? हा प्रश्न मी नाशिकच्या संदर्भात मांडणार आहे. आमच्या इतिहासाची दोन टोके या एका शहरात आहेत. एका टोकाला त्रिरश्मीचा डोंगर आहे आणि दुसऱ्या टोकाला पंचवटीतला काळाराम मंदिराचा दरवाजा.

२

नाशिकच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला, त्रिरश्मी डोंगरात चोवीस लेण्यांची रांग आहे. ती बौद्ध भिक्षुसंघासाठी कोरली गेली. शिलालेखांत डोंगराचे नाव 'तिरण्हु' असे येते. दोन हजार वर्षांपूर्वी सुरू झालेले हे काम काही शतके चालले. लोकांच्या तोंडी मात्र नाव आहे पांडवलेणी. पांडव वनवासात इथे आले आणि त्यांनी एका रात्रीत लेणी कोरली, ही कथा मुलाने सहलीची बस डोंगराच्या पायथ्याशी थांबण्यापूर्वीच ऐकलेली असते.

लोकांनी दिलेल्या नावाबद्दल मला तुच्छता नाही. डोंगरात कोरलेले काहीही दिसले की पांडवांच्या नावावर टाकायचे, ही रीत देशभर आहे आणि ती अडाण्यांनीच पाडली असे नाही. पण एका नावाने केवढे काम केले आहे ते पाहा. ज्यांनी दिले त्यांची नावे गेली. ज्यांच्यासाठी दिले तो भिक्षुसंघ गेला. श्रम गेला, कारण एका रात्रीत होणाऱ्या कामाला श्रम लागत नाही, चमत्कार लागतो. आणि हे फक्त तोंडी घडले नाही. दहाव्या लेण्यातील मागच्या भिंतीवर स्तूपाचे उठावशिल्प होते. पुढे कोणीतरी त्यालाच छिन्नी लावून भैरवाची मूर्ती घडवली. ही भिंत म्हणजे इतिहासाच्या धड्यातले सर्वांत प्रामाणिक पान आहे. वारसा कसा मिळतो एवढेच ते सांगत नाही. वारसा कसा बदलून घेतला जातो तेही सांगते. सहलीत मुलांना या भिंतीपुढे उभे केलेले मी क्वचितच पाहिले आहे. मुलांना दाखवली जाते ती पाण्याची टाकी, दाखवला जातो तो वरून दिसणारा देखावा, आणि मग डबे उघडले जातात.

आता या भिंतींवर प्रत्यक्ष काय लिहिले आहे ते पाहू. एकोणिसाव्या लेण्यातला लेख सांगतो की सातवाहन कुळातील कण्ह राजाच्या काळात नाशिकच्या एका महामात्राने ते करवले. अठरावे लेणे म्हणजे चैत्यगृह. त्याच्या दर्शनी भागाचा खर्च धंभिक नावाच्या गावाने उचलला होता आणि पुढे भटपालिका नावाच्या स्त्रीने चैत्यगृह पूर्ण करवले. सतराव्या लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त हा उत्तरेकडून आलेला यवन होता. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी पैसा ठेवला. तो ज्या कारागीर-संघांकडे ठेवला त्यांत तेलाचे घाणे चालवणारे होते आणि पाण्याची यंत्रे बनवणारेही होते. आणि एका लहानशा लेण्यात एका ओळीचा लेख आहे. मुगुदास नावाच्या 'दासका'ने सहपरिवार हे लेणे दान दिले, एवढेच तो सांगतो. अभ्यासकांनी दासक या शब्दाचा अर्थ मासे धरणारा असा लावला आहे.

एका मासेमाराने डोंगरात लेणे कोरवले आणि त्यावर बायकामुलांसकट आपले नाव लिहिले. राजाचे लेणे आणि मासेमाराचे लेणे एकाच डोंगरात, एकाच रांगेत आहे. राष्ट्राचा इतिहास चित्र-शिल्पातून शिकवायचा, तर याहून चांगला धडा कोणता? पण आमच्या मुलाला भीमाची गदा पाठ असते, मुगुदासाचे नाव त्याने ऐकलेले नसते. वारशाचे हे वाटप आपोआप झालेले नाही.

लेणे वाचण्याचा आणखी एक मार्ग गणिताचा आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने दहावे लेणे दिले आणि भिक्षूंच्या खर्चासाठी तीन हजार कार्षापणे कोष्ट्यांच्या संघांकडे कायमची ठेव म्हणून ठेवली. त्यांपैकी दोन हजारांवर दरमहा शेकडा एक व्याज. त्या व्याजातून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापणे द्यायची. चौथीच्या मुलाला हे गणित घालावे. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षूंना बारा-बारा, म्हणजे दोनशे चाळीस. हिशेब दमडीचाही इकडे-तिकडे होत नाही. हा हिशेब सुटला की मुलाच्या लक्षात येते की लेणे चमत्कारावर उभे नाही. ते मागावर बसलेल्या कोष्ट्याच्या मेहनतीवर आणि त्याच्या शब्दावर उभे आहे. राजाच्या जावयाने विश्वास ठेवला तो विणकरावर.

आणि मग शिल्प. तिसऱ्या लेण्याच्या व्हरांड्याखाली जमिनीतून वर आलेले यक्ष आहेत. कमरेपर्यंत जमिनीत असलेल्या या आकृतींनी तुळया खांद्यावर घेतल्या आहेत. सगळे लेणे त्यांनीच उचलून धरल्यासारखे दिसते. कलेचे अभ्यासक इथे शैलीची चर्चा करतात, ती करावीच. पण दगडफोडीच्या कामावर जाणाऱ्या बापाचा एक मुलगा माझ्याबरोबर तिथे आला होता. त्याने प्रथम भिंतीवरच्या छिन्नीच्या तिरक्या घावांवरून बोट फिरवले आणि काम वरून खाली आले आहे असे सांगितले. मग त्या यक्षांकडे पाहून 'ह्यांना वर कधी येऊ देणार?' असे विचारले. कलासमीक्षेत मी वाचलेल्या पुष्कळ पानांपेक्षा हा प्रश्न मला मोलाचा वाटतो. लेण्यातले लेख मुख्यतः देणाऱ्यांची नावे सांगतात. कोरणाऱ्याचे नाव सांगतो तो छिन्नीचा घाव, आणि तो घाव ज्याला वाचता येतो ते मूल आपल्या शाळेत शेवटच्या बाकावर बसलेले असते.

३

इथे आपल्याच माणसांशी थोडे भांडले पाहिजे. 'पांडवांची' हा शब्द खोडून तिथे 'आमची' हा शब्द लिहिला की काम संपले, असे मानणारा एक वर्ग आपल्या चळवळीत आहे. त्रिरश्मी हे नाव परत मिळवणे आवश्यक आहे आणि त्यासाठी झटणाऱ्या कार्यकर्त्यांचे ऋण मी मानतो. पण लेणी म्हणजे समतेचे निर्भेळ सुवर्णयुग, असे चित्र मुलांना दिले तर आपणही एक पुराणच रचू.

त्याच तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री हिचा लेख आहे. पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी कोरलेला हा लेख तिच्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी गातो. त्याने क्षत्रियांचा गर्व उतरवला असे त्यात म्हटले आहे, आणि चारी वर्णांचा संकर थांबवला हेही त्यात त्याचे मोठे कर्तृत्व म्हणून नोंदले आहे. बुद्धाच्या संघाला दिलेल्या लेण्याच्या भिंतीवर वर्णसंकर थांबवल्याचे कौतुक! उषवदाताच्या लेखातही भिक्षूंच्या चीवराबरोबर ब्राह्मणांना दिलेल्या लाखो गाईंची, गावांची आणि प्रभास तीर्थावर ब्राह्मणांना दिलेल्या आठ भार्यांची नोंद आहे. दानाच्या यादीत गाय आणि बाई एकाच ओळीत येतात. हे लपवून आपण मुलांना कोणता वारसा देणार? वारसा म्हणजे अभिमानाची पेटी नव्हे. वारसा म्हणजे भांडणाची कागदपत्रे. त्यांत आपल्या बाजूचा पुरावा असतो तसा विरुद्ध बाजूचाही असतो, आणि दोन्ही वाचता आले तरच खटला जिंकता येतो.

हीच गोष्ट आपल्या चित्रकला स्पर्धांची. चौदा एप्रिल आला की वस्तीवस्तीत मुलांच्या स्पर्धा होतात. निळा कोट, चष्मा, एका हातात राज्यघटना, दुसऱ्या हाताचे उंचावलेले बोट. शंभर मुले शंभर वेळा तेच चित्र काढतात आणि ज्याचे चित्र छापील तसबिरीसारखे उतरले त्याला पहिला क्रमांक मिळतो. बाबासाहेबांची तसबीर घरात असण्याचा अर्थ मी कमी लेखत नाही. ज्या भिंतीवर दुसऱ्यांचे देव होते तिथे आपला माणूस आला, ही क्रांतीच होती. परंतु ज्या पुरुषाने आयुष्यभर विभूतिपूजेविरुद्ध बजावले त्यालाच आपण मुलांच्या हातून मूर्ती बनवून घ्यायचे, आणि तीही रविवर्म्याच्या छापखान्याच्या रीतीने, हे विपरीत आहे. मुलाला विचारा: बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत बसले ते गोणपाट काढ. महाडचे तळे काढ. तुझ्या आजीने पाहिलेली, ऐकलेली जयंती काढ. शासकीय रेखाकला परीक्षेत 'स्मरणचित्र' नावाचा विषय असतो. शब्द फार सुंदर आहे. पण स्मरण कोणाचे? वीटभट्टीवरचे मूल, झाडूवालीचे मूल, सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या गर्दीत बापाच्या खांद्यावर बसलेले मूल यांच्या डोळ्यांत जे साठले आहे ते कागदावर येण्याजोगे आहे, हे त्यांना कोणीतरी सांगावे लागते. एरवी ती मुले डोंगरामागून उगवणारा सूर्य आणि कौलारू घर काढतात. त्यांतल्या पुष्कळांचे घर पत्र्याचे असते.

४

चित्रातून राष्ट्राचा इतिहास सांगण्याचा सर्वांत मोठा अधिकृत प्रयत्न आपल्या देशात झाला तो राज्यघटनेच्या मूळ हस्तलिखितात. प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी ती प्रत हाताने लिहिली आणि शांतिनिकेतनचे नंदलाल बोस व त्यांचे सहकारी यांनी ती चित्रांनी सजवली. बावीस भाग, बावीस चित्रे. मोहेंजोदडोचा बैल, गुरुकुल, राम-लक्ष्मण-सीता, कृष्णार्जुन, बुद्ध, महावीर, अशोक, नटराज, अकबर, शिवाजी महाराज व गुरू गोविंदसिंग, टिपू व झाशीची राणी, गांधीजी, सुभाषबाबू, आणि शेवटी हिमालय, वाळवंट, समुद्र. राष्ट्राच्या जन्माच्या वेळी एका मोठ्या कलावंताने राष्ट्राचा जो अल्बम केला तो असा आहे. त्यातली उदारता मी नाकारत नाही. टिपू आणि अकबर तिथे सन्मानाने आहेत, बुद्ध आणि अशोक आहेत. रेषेबद्दल तर बोलायलाच नको.

पण चित्र वाचायचे म्हटले की कोण आहे याबरोबर कोण नाही हेही वाचावे लागते. कबीर नाही. जोतीराव फुले नाहीत. महाडचे तळे नाही. ज्या माणसाने मसुदा समितीचे अध्यक्षपद सांभाळले त्याच्या लढ्याची एक रेषाही त्या पानांवर नाही. आणि सर्वांत अर्थपूर्ण जागा आहे ती तिसऱ्या भागाची. तिसरा भाग मूलभूत हक्कांचा. अस्पृश्यता नष्ट करणारे सतरावे कलम याच भागात आहे. विहिरी, तळी, घाट यांच्या वापरात भेदभाव नको असे सांगणारे पंधरावे कलम याच भागात आहे. हिंदूंच्या सार्वजनिक धर्मस्थळांचे दरवाजे सर्व वर्गांना खुले करण्याचा कायदा करता येईल असे सांगणारे पंचविसावे कलमही याच भागात आहे. आणि या भागाच्या शिरोभागी चित्र आहे रामाचे, लंकाविजयानंतरचे.

नाशिकच्या माणसाने हे पान पाहिले की त्याला दुसरे एक चित्र आठवल्याशिवाय राहत नाही. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दरवाज्यांसमोर सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांचे नेतृत्व होते आणि नाशिकात दादासाहेब गायकवाडांनी त्याची धुरा वाहिली. हजारो स्त्री-पुरुष मिरवणुकीने आले आणि त्यांच्यासमोर दरवाजे बंद झाले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये रामाच्या रथावरून दंगल झाली, सत्याग्रहींवर दगड पडले. जवळपास पाच वर्षे हा लढा चालला आणि दरवाजा उघडला नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचे जाहीर केले. रामाच्या दरवाज्यापुढे ज्यांना थांबवले त्यांचे हक्क ज्या पानांत लिहिले आहेत, त्या पानांवर चित्र रामाचे. हा योगायोग कडवट आहे. नंदलालबाबूंच्या हेतूवर मी संशय घेत नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे जो 'राष्ट्रीय वारसा' होता तो असाच होता आणि त्या वारशात काळारामचा दरवाजा नव्हता, एवढेच मला दाखवायचे आहे.

मग मुलांना ही प्रत दाखवू नये काय? दाखवावीच. शेजारी काळारामच्या दरवाज्याचे चित्र त्यांच्याकडून काढून घ्यावे आणि दोन्ही कागद एका भिंतीवर लावावे. नाशिकच्या मुलाला त्यासाठी दूर जावे लागत नाही. दरवाजा पंचवटीत आहे आणि आज तो उघडा आहे. उघड्या दरवाज्यासमोर उभे राहून बंद दरवाजा काढणे, हा मला माहीत असलेला इतिहासाचा आणि चित्रकलेचा सर्वांत चांगला संयुक्त तास होय.

५

वारसा शोभेची वस्तू कसा बनतो याचे दुसरे उदाहरण शाळांच्या कुंपणभिंतींवर सापडते. गेरूच्या पार्श्वभूमीवर पांढरे त्रिकोण, तारप्याभोवती नाचणारी माणसे. वारली चित्र आज शाळेची भिंत, शुभेच्छापत्र, चहाचा कप, सगळीकडे आहे. जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या कलावंताने ही कला जगभर नेली, त्याचा अभिमान आहेच. परंतु मुले जे गिरवतात तो त्रिकोण आहे, वारली माणूस नव्हे.

लग्नाच्या वेळी सुवासिनी भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघाट देवी असते, हे पुष्कळ शिक्षकांना ठाऊक असते. पण त्याच लग्नासाठी जमीनदाराकडून काढलेल्या थोड्याशा कर्जापायी नवरा-बायको त्याचे गुलाम होत आणि अशा गुलामाला लग्नगडी म्हणत, हे भिंत रंगवताना कोण सांगतो? १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी या दोन्ही प्रथांविरुद्ध उठाव केला. चौक आणि लग्नगडी या एकाच मांडवातल्या दोन गोष्टी आहेत. एक दाखवायची आणि दुसरी झाकायची, याला वारसा शिकवणे म्हणत नाहीत; याला भिंत सजवणे म्हणतात. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला पेठ-सुरगाण्यात आदिवासींच्या पोरांची शाळा आहे. तिच्या भिंतीवरचे नाचणारे लोक त्या पोरांना आपले वाटतात की पाहुण्यांसाठी मांडलेले वाटतात, हे एकदा विचारून पाहावे.

याउलट रीतीचे एक काम सांगतो. २०११ मध्ये 'भीमायन' हे बाबासाहेबांचे चित्रमय चरित्र निघाले. चित्रे काढली दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी. त्यांनी चित्रकथेच्या ठरीव चौकटी नाकारल्या. माणसांना चौकोनांत कोंडायचे नाही, अशी त्यांची भूमिका. मायेने बोलणाऱ्याच्या शब्दांना त्यांनी पक्ष्याचा आकार दिला आणि जातीचे विष ओकणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी लावली. सात वर्षांचे मूल ही नांगी क्षणात ओळखते. परंपरागत कला वापरली, पण दागिना म्हणून नव्हे, विचार करण्याचे साधन म्हणून वापरली. एका वंचित समूहाच्या हाताने दुसऱ्या वंचित समूहाची कथा सांगितली. मुलांसाठी कलेतून इतिहास म्हणजे काय, याचे उत्तर कोणी मागितले तर मी या पुस्तकाकडे बोट दाखवीन.

६

यावर एक आक्षेप नेहमी येतो. लहान मुलांच्या कोवळ्या मनात जातीचे विष कशाला कालवायचे? त्यांना सुंदर ते दाखवावे, कटू गोष्टी मोठेपणी कळतीलच. हा आक्षेप घेणारा माणूस सज्जन असतो, पण त्याच्या डोळ्यांसमोर एकाच प्रकारचे मूल असते. ज्या मुलाला वर्गात येण्यापूर्वीच आडनावावरून ओळखले गेले, त्याचे मन कोवळे नव्हते काय? कटू गोष्ट त्याला आधीच कळलेली आहे. त्याला कळलेले नाही ते एवढेच, की तिच्याविरुद्ध कोणी उभे राहिले होते. बंद दरवाज्याचे चित्र त्याला दुःख शिकवत नाही. दरवाज्यासमोर उभी राहिलेली माणसे त्याला दिसतात. आणि ज्या मुलाला हे सोसावे लागले नाही, त्यालाही आपल्या शेजारी कोण बसले आहे ते कळते. सौंदर्याला मी नाकारत नाही. मुगुदासाचे नाव असलेला दगड सुंदरच आहे. सत्य वगळून मिळणारे सौंदर्य मात्र कॅलेंडरावर शोभते, वर्गात नव्हे.

दुसरी अडचण व्यवस्थेची आहे आणि ती सौंदर्यचर्चेत कोणी काढत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत कलाशिक्षणासाठी निदेशकाची तरतूद आहे. पण ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, तीही पटावर शंभराहून अधिक मुले असतील तर, आणि तीही अर्धवेळ. म्हणजे ज्या वयात मूल चित्रावर सर्वाधिक विश्वास ठेवते त्या पहिली ते पाचवीच्या वयात कलाशिक्षकाची कायदेशीर हमी नाही. लहान पटाच्या शाळा वस्त्यांवर, पाड्यांवर, आमच्या लोकांच्या गावकुसाबाहेर. खाजगी शाळेच्या मुलाला वारसा शिकवायला स्वतंत्र शिक्षक, रंग, कागद, संग्रहालयाची सहल. आमच्या मुलाला एक खडू आणि फळ्याची फुटलेली कड. धोरणात कला आणि खर्चात काटकसर, हा विसंवाद दूर झाल्याखेरीज 'कलेतून इतिहास' हे ब्रीद पोकळच राहणार. या तरतुदीसाठी शिक्षकसंघटनांनी आणि आपल्या विद्यार्थी कार्यकर्त्यांनी भांडावे, कारण हा सौंदर्याचा नव्हे, हक्काचा प्रश्न आहे.

तोवर आपण थांबायचे कारण नाही. त्रिरश्मीवर जाणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने चार प्रश्न बरोबर न्यावेत. हे कोणी केले? पैसा कोणाचा होता? यात कोण दिसत नाही? आणि हे पुढे कोणी बदलले? मूर्तीपुढे, चित्रापुढे, पुतळ्यापुढे, घटनेच्या पानापुढे, आणि आपल्या घरातल्या तसबिरीपुढेही मुलाने हेच चार प्रश्न विचारावेत. उत्तरे चुकली तरी चालतील. ज्या दिवशी नाशिकची शाळकरी पोर पायथ्याशी उतरून 'पांडवांनी एका रात्रीत कोरलं म्हणता, मग हा मुगुदास कोण?' असे आपल्या गुरुजींना विचारील, त्या दिवशी लेणी परत मिळायला सुरुवात झाली असे मी समजेन. डोंगर कोणाच्या नावावर आहे हे त्यानंतर ठरवू.